परवाना आणि सूट : पुणे परिसरातील दुनळी रायफल व मद्य यांच्या नियमनाचा इतिहास

प्रस्तावना

शस्त्र आणि मद्य या दोन वस्तूंचा विचार सामान्यतः स्वतंत्रपणे केला जातो. शस्त्राचा इतिहास लष्करी अभ्यासाच्या कक्षेत जातो, तर मद्याचा इतिहास समाजसुधारणा व महसूल या विषयांच्या कक्षेत. शौकिनांच्या लेखी मात्र जुनी विलायती दुनळी रायफल आणि उत्तम व्हिस्की ही एकाच अभिरुचीची दोन अंगे आहेत. ही अभिरुची भारतात कशी रुजली व कोणापुरती मर्यादित राहिली, हे समजून घ्यावयाचे असेल तर या वस्तूंच्या गुणवत्तेइतकाच त्यांच्या नियमनाचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते. या दृष्टीने पुणे शहराचे उदाहरण विशेष बोलके आहे. पेशव्यांची राजधानी, ब्रिटिशांची मोठी लष्करी छावणी आणि राष्ट्रीय चळवळीचे केंद्र अशा तिन्ही भूमिका या शहराने बजावल्या. या तिन्ही कालखंडांत शस्त्र व मद्य यांवर निर्बंध होते आणि प्रत्येक निर्बंधाला काही अपवादही होते. निर्बंधापेक्षा अपवादच सत्तेचे स्वरूप अधिक स्पष्ट करतात, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पेशवेकालीन पार्श्वभूमी

पेशव्यांच्या अमलात पुण्यात मद्याच्या निर्मितीस व विक्रीस सामान्यतः मनाई होती. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळापासून या बाबतीत कडक धोरण दिसते. धर्मशास्त्राचा आधार असलेल्या या बंदीत एक अपवाद मात्र करण्यात आला होता. सरकारच्या तोफखान्यात नोकरीस असलेल्या फिरंगी ख्रिस्ती लोकांना स्वतःच्या वापरापुरती दारू गाळण्याची मोकळीक होती. इतरांना ती विकण्यास मात्र मनाई होती.

हा तपशील लहान असला तरी महत्त्वाचा आहे. मराठी राज्याला तोफा व बंदुका चालविणाऱ्या कुशल गोलंदाजांची गरज होती आणि त्या गरजेपोटी दरबाराने आपल्याच नियमाला मुरड घातली. मद्याची सूट शस्त्राच्या पाठोपाठ आली. पुढील दोनशे वर्षांत पुण्यात हेच सूत्र निरनिराळ्या रूपांत पुन्हापुन्हा आढळते.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि पुढील वर्षी पेशवाईचा अस्त झाला. त्यानंतर शहराच्या पूर्वेस पुणे छावणी व वायव्येस खडकीची छावणी विकसित झाली. जुने शहर आणि ‘कॅम्प’ असे दोन भाग पुण्यात निर्माण झाले. दोहोंमधील अंतर थोडे असले तरी त्यांतील नियम, सवयी व बाजारपेठ भिन्न होती.

१८७८ : एकाच वर्षातील दोन कायदे

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश शासनाने शस्त्रांवर नियंत्रण आणण्यास प्रारंभ केला. १८६० च्या ३१ व्या कायद्याने शस्त्रनिर्मिती, आयात व विक्री यांचे नियमन केले आणि आवश्यक तेथे प्रदेश निःशस्त्र करण्याचा अधिकार शासनास दिला. तथापि या धोरणाला सर्वंकष रूप आले ते लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ च्या भारतीय शस्त्र कायद्याने. या कायद्यानुसार परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. केवळ बंदुकाच नव्हेत, तर तलवारी व भाले यांचाही शस्त्राच्या व्याख्येत समावेश झाला. त्याच वेळी कायद्याखालील नियमांनी युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांना परवान्याच्या बंधनातून मुक्त ठेवले. काही संस्थानिक व प्रतिष्ठित व्यक्तींनाही सूट मिळाली. देशी वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही याच वर्षीचा, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

याच १८७८ मध्ये मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा संमत झाला. त्यापूर्वी दारू गाळण्याचे व विकण्याचे हक्क मक्त्याने दिले जात आणि गावोगावच्या लहान भट्ट्या सुरू असत. नव्या व्यवस्थेचे प्रमुख शिल्पकार चार्ल्स प्रिचर्ड हे अधिकारी होते. विखुरलेल्या भट्ट्या बंद करून गाळप मोजक्या मध्यवर्ती ठिकाणी आणावे, तयार मद्याच्या तीव्रतेनुसार त्यावर कर घ्यावा आणि विक्रीचे मक्ते द्यावेत, असे या पद्धतीचे स्वरूप होते. आजच्या रायगड जिल्ह्यातील उरण हे अशा गाळपाचे मोठे केंद्र होते. ताडीच्या झाडांवरही कर बसला. इलाख्यातील दारूचा मुख्य कच्चा माल मोहफुले हा असल्याने पुढे १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा या भागांसाठी मोहफुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा करण्यात आला. जंगलात वेचलेले फूल घरात साठवणे हाही त्यामुळे संशयास्पद व्यवहार ठरला.

हे दोन्ही कायदे एकत्र वाचले असता त्यांतील साम्य व भेद स्पष्ट होतात. दोहोंचे साधन एकच, ते म्हणजे परवाना. पण परवाना देण्यामागील हेतू परस्परविरुद्ध होते. शस्त्राचा परवाना शक्यतो कोणास मिळू नये अशी व्यवस्था होती. मद्यविक्रीचा परवाना मात्र महसुलाचे साधन असल्याने त्याची बोली वाढत जावी हे शासनाच्या सोयीचे होते. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाखालोखाल अबकारी हे उत्पन्नाचे एक प्रमुख अंग बनले. घरगुती भट्टी आणि घरगुती बंदूक या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी बेकायदेशीर ठरल्या. पण भट्टीच्या जागी सरकारमान्य गुत्ता आला, बंदुकीच्या जागी काहीही आले नाही. रानडुकरे व बिबटे यांच्या उपद्रवाला तोंड देणाऱ्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या शेतकऱ्याला ही उणीव प्रत्यक्ष जाणवणारी होती. पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळू शकत असला तरी तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होता.

छावणीचे जग : दुनळी रायफल आणि व्हिस्की

निर्बंधातून मुक्त असलेल्या वर्गाचे जग याच काळात पुण्यात बहरले. शर्यती, नौकाविहार, क्लब आणि शिकार या भोवती छावणीतील अधिकाऱ्यांचे जीवन फिरत होते. १८८६ मध्ये स्थापन झालेला पूना क्लब हे त्याचे ठळक प्रतीक होय. शिकारीसाठी हे अधिकारी सह्याद्रीत, कानडा भागात किंवा मध्य प्रांतातील जंगलांत जात.

या शिकारीचे मानाचे शस्त्र म्हणजे दुनळी रायफल. तिच्या रचनेकडे लक्ष दिल्यास तिच्या किमतीचे रहस्य उलगडते. एकाच दस्त्यावर दोन नळ्या शेजारी शेजारी बसविलेल्या असतात व उत्तम प्रतीच्या रायफलीत प्रत्येक नळीस स्वतंत्र घोडा व स्वतंत्र कळयंत्रणा असते. एक बाजू निकामी झाली तरी दुसरी हाताशी राहते. चवताळलेल्या जनावरासमोर दुसरी गोळी क्षणार्धात झाडता येणे हा तिचा खरा गुण होय. मात्र दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठराविक अंतरावर एकाच ठिकाणी लागाव्यात यासाठी कारागिराला नळ्या जोडताना पुन्हापुन्हा गोळीबार करून त्यांचा कोन जुळवावा लागे. हे काम यंत्रावर होण्यासारखे नव्हते. लंडनमधील पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी तसेच बर्मिंगहॅमची वेस्टली रिचर्ड्स या कारखान्यांची ख्याती या हस्तकौशल्यावर आधारलेली होती. भारतीय संस्थानिक हे त्यांचे मोठे ग्राहक होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूची जागा कॉर्डाइट या धूरविरहित स्फोटकाने घेतली. रिग्बी यांनी १८९८ मध्ये .४५० इंच व्यासाचे ‘नायट्रो एक्सप्रेस’ काडतूस प्रचारात आणले. परंतु भारतीय उन्हाळ्यात कॉर्डाइटचा दाब वाढत असल्याने उष्ण प्रदेशांसाठी कमी भाराची वेगळी काडतुसे तयार करावी लागली. नळ्या ज्या भारावर जुळविल्या असतील त्याच भाराची काडतुसे वापरली नाहीत तर दोन गोळ्या एकत्र लागत नसत. म्हणून भारतात पाठवावयाच्या रायफली येथील काडतुसांवरच जुळविल्या जात. हवामानाने शस्त्राची घडण कशी बदलली याचे हे चांगले उदाहरण आहे.

व्हिस्कीचा प्रसारही याच काळातील आहे. आरंभीच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांचे पेय ब्रँडी हे होते. १८६० नंतर फिलॉक्झेरा या किडीने फ्रान्समधील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, ब्रँडी दुर्मीळ झाली आणि तिची जागा स्कॉटलंडच्या मिश्र व्हिस्कीने घेतली. सतत चालणाऱ्या नव्या पद्धतीच्या भट्टीमुळे मिश्र व्हिस्कीचे उत्पादन स्वस्त झाले होते. सोडावॉटरसह घेतलेला ‘पेग’ हा क्लबच्या संध्याकाळचा अविभाज्य भाग बनला.

रायफल व मद्य यांचा व्यापारी संबंध दर्शविणारे एक उदाहरण येथे देता येईल. १८७१ मध्ये लंडन येथे काही लष्करी व नौदल अधिकाऱ्यांनी घाऊक दराने मद्य मिळावे या उद्देशाने एक सहकारी संस्था स्थापन केली. हीच पुढे ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ म्हणून प्रसिद्धीस आली. मद्यापासून सुरू झालेल्या या संस्थेच्या सूचिपत्रात शिकारी बंदुका व काडतुसांनाही स्थान मिळाले. १८९० च्या दशकात तिची शाखा मुंबईत निघाली. काळा घोडा परिसरातील तिची इमारत आजही उभी आहे. पश्चिम भारतातील लष्करी अधिकाऱ्याला बंदूक आणि बाटली एकाच दुकानातून, एकाच खात्यावर घेता येऊ लागली.

.४५० इंच व्यासावरील बंदी

सूट मिळालेल्या वर्गालाही पूर्ण मोकळीक नव्हती, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील एका निर्णयावरून दिसते. लष्करातून मागे पडलेल्या मार्टिनी-हेन्री रायफली वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती मोठ्या प्रमाणावर गेल्या होत्या आणि त्यांचा व्यास .४५० इंच होता. शिकारी काडतुसांतील गोळ्या काढून त्या मार्टिनी-हेन्रीसाठी वापरल्या जातील या भीतीने शासनाने भारतात या व्यासाच्या रायफली व काडतुसे आणण्यास बंदी घातली. परिणामी इंग्रज कारखानदारांना .४६५, .४७० व .४७५ अशी नवी मापे तयार करावी लागली. आज आफ्रिकेतील मोठ्या शिकारीशी ज्यांचे नाव जोडले जाते ती ही मापे वस्तुतः भारतातील बंदीची अपत्ये आहेत. शौकीन ज्याला अभिजात म्हणून गौरवितात त्यामागे अनेकदा प्रशासकीय भीती असते, असा याचा अर्थ घेता येईल.

शहराचा प्रतिसाद

छावणीच्या या जगाबाहेर असलेल्या शहराने दोन्ही कायद्यांना तीव्र प्रतिसाद दिला. त्याच्या तीन वेगवेगळ्या दिशा दिसतात.

पहिली दिशा महात्मा जोतीराव फुले यांची. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे नियुक्त सदस्य होते. १८८० मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहून शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीकडे लक्ष वेधले. नगरपालिका एकीकडे नागरिकांच्या आरोग्यावर खर्च करते आणि दुसरीकडे त्याच नागरिकांचे आरोग्य व संसार उद्ध्वस्त करणारी दुकाने वाढतात, ही विसंगती त्यांनी दाखविली. त्यांचा मुद्दा धर्मशास्त्राचा नव्हता. तो सार्वजनिक हिशेबाचा होता. गुत्त्याचे उत्पन्न एकाच्या तिजोरीत आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्याच्या घरात, हे वास्तव त्यांनी कायदा लागू झाल्यावर अवघ्या दोन वर्षांत ओळखले.

दुसरी दिशा वासुदेव बळवंत फडके यांची. पुण्यातील लष्करी हिशेब खात्यात ते लिपिक होते. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर, शस्त्र कायद्यास वर्ष होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारी येथे त्यांनी पहिला छापा घातला. रामोशी साथीदार, तलवारी व मोजक्या बंदुका एवढ्या बळावर झालेला हा उठाव जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेल्याने संपला. लष्कराचे हिशेब ठेवणाऱ्या माणसाला लढण्यासाठी शस्त्रे मिळविणे दुष्कर झाले होते, ही त्या काळातील वस्तुस्थिती होती.

तिसरी दिशा लोकमान्य टिळकांची. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून शस्त्र कायद्यात बदल करण्याची मागणी चालविली होती. टिळकांनी हा प्रश्न ‘केसरी’तून अधिक तीव्रपणे मांडला, निःशस्त्रीकरणाने राष्ट्राचे पौरुष नष्ट होते हा त्यांचा आक्षेप होता. १९०८ च्या आरंभी पुण्यात मद्यपानविरोधी चळवळीने जोर धरला. स्वयंसेवक दारूच्या दुकानांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांची मनधरणी करू लागले. अधिकाऱ्यांनी या निरोधनास मनाई केली व काही स्वयंसेवकांवर खटले झाले. शांतपणे दुकानासमोर उभे राहणे हा गुन्हा ठरला, कारण त्याने परवानाधारकाचा धंदा व शासनाचा महसूल बुडत होता. याच वर्षी जून महिन्यात टिळकांना अटक झाली आणि ‘केसरी’तील लेखांबद्दल २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. योगायोग असा की १९०८ मध्येच इंग्लंडमध्ये ‘व्हिस्की कशास म्हणावे’ हे ठरविण्यासाठी शाही आयोग काम करीत होता. तेथे प्रश्न व्हिस्कीच्या शुद्धतेचा होता. येथे प्रश्न दुकान बंद ठेवण्याच्या अधिकाराचा होता.

पहिल्या महायुद्धानंतर शस्त्रनियमांतील वांशिक भेद दूर करण्यात आला. तथापि परवान्याची चौकट कायम राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळ : उलटलेले चित्र, टिकलेले सूत्र

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीकडे पाऊल टाकले व १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात ती लागू केली. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने १९५० पासून संपूर्ण राज्यात बंदी आली. ज्या वस्तूच्या विक्रीस परकीय शासनाने उत्तेजन दिले तिला स्वकीय शासनाने मनाई केली.

या कायद्याला फ्राम बलसारा यांनी आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांबरोबरच मद्यार्कयुक्त औषधे व अत्तरे बाळगण्याच्या हक्काचाही त्यांच्या अर्जात समावेश होता. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी दिलेल्या निकालात कायदा मुख्यतः वैध ठरविला, परंतु औषधी व प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त पदार्थांवरील बंदी अवैध ठरविली. लष्करी मेस व कँटीन यांना दिलेली सूट मात्र न्यायालयाने मान्य केली; सैन्यदलाची परंपरा व जीवनपद्धती वेगळी असल्याने हे वर्गीकरण वाजवी आहे असा त्यामागील विचार होता. पेशव्यांच्या तोफखान्यातील गोलंदाजांना मिळालेली सूट सुमारे पावणेदोनशे वर्षांनी संविधानाच्या भाषेत पुन्हा अवतरली, असे म्हणता येईल. पुण्यासारख्या छावणीच्या शहरात या अपवादाचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

सामान्य माणसाच्या वाट्याला हातभट्टी आली. काळा गूळ, नवसागर व पाणी कुजवून केलेले ‘रसायन’, त्याखाली जाळ आणि वाफ थंड करणारी नळी, एवढीच तिची सामग्री. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग मराठीत उत्कृष्टतेचा वाचक बनला. वास्तविक स्कॉटलंडमधील गाळपकार पहिली धार वेगळी काढतो, मधली धार ठेवतो आणि ती लाकडी पिंपात मुरवितो. ब्रिटनमध्ये किमान तीन वर्षे मुरविण्याचे बंधन पहिल्या महायुद्धाच्या काळात आले. छाप्याच्या भीतीखाली रात्रीत दारू काढणाऱ्यास मुरविण्यासाठी वर्षे नसतात. म्हणून येथे तीव्रता हाच गुण ठरला. अभिरुचीतील हा भेद स्वभावाचा नसून कायद्याने दिलेल्या अवकाशाचा आहे. बेकायदा दारूत मिथेनॉल मिसळल्याने जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे दगावली. या व्यवस्थेची किंमत कोण मोजतो हे त्यावरून दिसते.

१९६० नंतर महाराष्ट्रात बंदी शिथिल होत गेली, परंतु कायदा रद्द झाला नाही. आता तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने अस्तित्वात असून मद्यसेवनासाठी परवान्याची तरतूद त्यात कायम आहे. दुकानांतील मद्याचे ‘देशी’ व ‘विदेशी’ असे वर्गीकरणही टिकून आहे. भारतात तयार झालेली व्हिस्की कायद्याच्या परिभाषेत ‘विदेशी’च राहते.

शस्त्रांच्या बाबतीत १९५९ चा नवा कायदा १९६२ मध्ये अमलात आला. १८७८ चा कायदा संपूर्ण राष्ट्रास निःशस्त्र करण्यासाठी होता याची कबुली नव्या कायद्याच्या उद्देशपत्रिकेत देण्यात आली, पण बंदुकीचा परवाना आवश्यकच राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा कालखंड संपविला. ज्या विदर्भातील जंगलांत दुनळी रायफली घेऊन शिकारी जात, तेथे ताडोबा राष्ट्रीय उद्यान व मेळघाट व्याघ्र प्रकल्प उभे राहिले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. त्यामुळे वारसाहक्काने आलेली जुनी रायफल ठेवावी की सोडावी हा प्रश्न अनेक परवानाधारक घराण्यांपुढे आला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. १८७८ मधील शस्त्र कायदा व मुंबईचा अबकारी कायदा हे एकाच प्रशासकीय विचाराचे दोन आविष्कार होते. दोहोंनी घरगुती निर्मिती व स्वाधीनता संपविली. एकाने सुरक्षितता साधली, दुसऱ्याने महसूल.

२. दुनळी रायफल व स्कॉच व्हिस्की यांभोवती निर्माण झालेली अभिजाततेची कल्पना केवळ कारागिरीची निर्मिती नाही. ती सूट मिळालेल्या वर्गाच्या मोकळिकीतून आणि इतरांवरील निर्बंधांतून घडली.

३. पुण्यातील विरोध एकाच प्रकारचा नव्हता. फुले यांनी गुत्त्याचा सामाजिक हिशेब मांडला, फडके यांनी शस्त्र उचलले, टिळकांनी दोन्ही प्रश्न राजकीय चळवळीशी जोडले. हातात बंदूक नाही आणि दारात गुत्ता आहे, या स्थितीची जाणीव तिघांच्या कृतीत समान होती.

४. पेशवाई, ब्रिटिश अमल व स्वतंत्र भारत या तिन्ही काळांत बंदीची कारणे बदलली. अनुक्रमे धर्म, महसूल व समाजकल्याण ही ती कारणे होत. अपवाद मात्र प्रत्येक वेळी शस्त्र धारण करणाऱ्यांकडेच गेला.

जुन्या रायफलीचे कोरीव काम किंवा मुरलेल्या व्हिस्कीचा सुवास यांचे मूल्य या इतिहासाने उणावत नाही. उत्तम कारागिरी ही उत्तमच असते. परंतु त्या आनंदाचा परवाना कोणाजवळ होता आणि त्याच काळात मोहफुलांची टोपली घेऊन घरी निघालेल्या माणसाला कोणत्या कायद्याला तोंड द्यावे लागत होते, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारल्याशिवाय त्या वस्तूंचा इतिहास पूर्ण होत नाही.